कनेक्शन

बार्शी रोडला नव्या जेवढ्या बिल्डिंगा झाल्या
त्यांतले निम्मे कमोड माझ्या हातचे.
एकही गळत नाही. जाऊन बघा.

आणि घरी
अडीच वर्षांची नीलांबिका, आमची अंबी,
पडद्याआड उभी,
पडद्याची चिमूट मुठीत,
नजर लांब कुठंतरी
उधारी आठवणाऱ्या माणसासारखी.
"अंबे, शी आली का?"
"न्हाई."
"वास यायलाय बाई."
"तुझाच."

महानंदानं सगळं करून बघितलं.
बदकाची पिवळी खुर्ची आणली,
अंबीनं तिच्यात आधी बाहुली बसवली, मग कांदे ठेवले.
शेजारचा ओंकार किती शहाणा ते सांगितलं,
अंबीनं ओंकारला चावलं.
निलंग्याहून आईचा फोन:
"लेकराला हागायला कोण शिकवतंय रे?
ते काय पाढे हैत?"

संडासात धरून बसवलं
तर दोन्ही पाय भिंतीला, धनुष्यासारखी ताठ.
पाणी ओतलं की किंचाळायची,
मग हळूच वाकून विचारायची,
"कुठं गेलं?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या बापाला अडला असता.
मी भिंतीवर पेन्सिलनं काढून दाखवलं:
हा ट्रॅप, हा चार इंची पाइप,
हे चेंबर, ही टाकी.
रविवारी साइटवर नेलं.
तिसऱ्या मजल्यावरून उघड्या पाइपात गोटी सोडली,
तिला कडेवर घेऊन पळत खाली आलो,
गोटी वाळूत बसलेली.
अंबी हसली.
मला वाटलं, झालं काम.

संध्याकाळी घरी तिनं तीच गोटी टाकली,
मग चमचा,
मग माझा मेजर टेप,
आणि पायरीवर जाऊन वाट बघत बसली.
आमचं घर तळमजल्याला. खाली कुठलं येतंय?

रात्री अकराला टॉर्च तोंडात धरून
मी माझंच चेंबर उघडलं.
नळाला अजून पाच दिवस होते.
चमचा निघाला, टेप निघाला.
"गोटी?"
"गेली."
मांजर पिल्लं घेऊन गेलं होतं
त्या दिवशी झाला होता
तसा तिचा चेहरा झाला.

त्यानंतर चार दिवस
तिनं काहीच जाऊ दिलं नाही.
पोट मडक्यागत. डॉक्टरनं गोड औषध दिलं,
ते तेवढं मागून मागून प्यायली.

गुरुवारी भुतडा शेठच्या दुकानात
वॉशरचं पाकीट घ्यायला गेलो, ही सोबत.
शेठ बिल लिहीत होते,
मी भावावरून घासाघीस करत होतो,
आणि वळून बघतो तर
शोकेसच्या निळ्या लायटीखाली,
किमतीचं स्टिकर न काढलेल्या कमोडवर
अंबी.
चड्डी घोट्याशी, हात गुडघ्यावर,
रस्त्यावरची माणसं बघत
निवांत.

शेठ उठले. बसले. परत उठले.
"अरे, त्याला कनेक्शन नाही!"
"म्हाईतंय," अंबी म्हणाली,
"मी मागं वाकून बघितलं."

मग उतरून, चड्डी तशीच,
माझं बोट धरून मला घेऊन गेली.
"बघ. गेलं न्हाई."

पंधरा वर्षं मी लोकांचं नजरेआड करायचे पैसे घेतो.
कुणी कधी बोलावून दाखवलं नव्हतं.
काय म्हणावं कळंना.
"लई चांगलं झालंय," मी मनलं.
खरंच चांगलं झालं होतं.

तो कमोड आता आमच्या अंगणात आहे,
लिंबाखाली, तीन हप्त्यांवर.
आत डालड्याचा जुना डबा बसवलाय.
रोज सकाळी अंबी बसते,
उठते, वाकून बघते,
कधी टाटा करते, कधी नाही.

महानंदा विचारते, जोडणार कधी?
मी म्हणतो,
पाइप मिळंना.